खाली ठेवला, उचला

शामरावजी निखारे चाकू मागितला तर देतात, पण हातात देत नाहीत. मूठ बंडीला पुसतात, चाकू जमिनीवर ठेवतात, दोन पावलं मागे सरतात आणि म्हणतात, "खाली ठेवला. उचला."

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरासमोर. ते राहायला आले त्याच आठवड्यात मी पार्सलची सुतळी कापायला चाकू मागितला आणि हा सोहळा पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली. मूठ पुसली म्हणजे त्यांचे ठसे गेले. उचलणार मी, म्हणजे ठसे कोणाचे? मी सुतळी दातानं तोडली.

तुम्ही म्हणाल, बाई संशयी आहे. आहेच. तीस वर्षं शाळेत परीक्षेला पहारा केलाय. पोरांच्या मोज्यांतून, पट्ट्याखालून, एकदा तर प्लास्टर घातलेल्या हातातून कॉपीच्या चिठ्ठ्या काढल्या आहेत. प्लास्टरच्या आतला हात धडधाकट निघाला होता. त्यानंतर मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

शामरावजी छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. आता निवृत्त, आणि एकटे. बंडीला आतून तीन खिसे आणि तिन्हींत एकेक घडीचा चाकू. शिंगाच्या मुठीचा पेरूसाठी, पितळी मुठीचा बाकी कामांसाठी. जगाची त्यांची वाटणीही सोपी, धार आहे किंवा धार नाही. पातळ चहाला धार नाही, पुढाऱ्याच्या भाषणाला धार नाही, आणि माझ्या वरणाच्या फोडणीलासुद्धा "धार नाही, मॅडम."

"आणि तिसरा चाकू कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"तो कामाचा नाही. तो द्याचा आहे."

"कोणाला?"

"आहे एक जण," म्हणाले आणि खिसा दाबून आत गेले. मी त्या दिवसापासून दाराला आतून दुसरी कडी लावायला लागले.

हातात न देण्याचं कारण मात्र त्यांनी आपणहून सांगितलं. "चाकू हातातून हातात गेला का भांडण होते, मॅडम. माह्या लहान्या भावाच्या, दिनूच्या वास्तूले मी त्याच्या हातात देल्ला. महिन्याभरात आईच्या तेरवीच्या जेवणावरून वाजलं. मी म्हणलं वांग्याची भाजी, तो म्हणे कोहळ्याची. पाच वर्षं झाले, बोलत नाही माह्याशी. कन्हानले राहते."

हा समज आमच्या घरीही होता. पण वांग्यासाठी पाच वर्षं? मला काही पटलं नाही.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तर टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा. आत चाळीसेक घडीचे चाकू, जुन्या बाजारातून शोधून आणलेले, तेल पुसून चकचकीत केलेले. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठी दिसली की माझा हात थांबत नाही. पहिलीवर लिहिलं होतं, "रविवार. कन्हान. नाही." दुसरीवर तेच. तिसरीवरही तेच.

म्हणजे हा माणूस दर रविवारी चाकू घेऊन रुसलेल्या भावाच्या गावी जातो आणि काम होत नाही! एखाद्या रविवारी झालं म्हणजे?

पुढच्या रविवारी त्यांच्या बसच्या मागे मी स्कुटी घातली. कन्हानला उतरून ते एका गल्लीत शिरले. मी पानठेल्याआड उभी राहिले. एका घरासमोर थांबून त्यांनी तिसरा चाकू काढला. मिटलेलाच होता. मूठ पुसली, चाकू सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला, कडी वाजवली आणि लगबगीनं रस्ता ओलांडून नेमके माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम? तुम्ही इकडं?"

"संत्री घ्यायला," मी म्हणाले. नागपूरहून कन्हानला संत्री! पण त्यांना संशय घेता येतच नाही.

"पाहा, आता दिनू येईन. चाकू पाहीन, अन् आत जाईन. मागचा आवडला नसंन. म्हणून दर टायमाले नवीन पाहतो. एकदा उचलला, तं मी समजीन का राग गेला."

ते ऐकून मला माझीच लाज वाटली. त्या चिठ्ठ्या वाचून मी काय काय रचलं होतं!

दार उघडलं. जाडजूड दिनूभाऊ भिंत धरून बाहेर आले. चाकूकडे पाहत राहिले. मग त्यांचा हात भिंतीवरून सुटला, खाली निघाला, गुडघ्यापाशी थांबला आणि परत भिंतीवर गेला. तीस वर्षं मी पोरांचे हातच पाहत आलेय.

"अहो शामरावजी," मी ओरडले, "त्यांना वाकताच येत नाही!"

शामरावजी चपला सोडून धावले. "काहून सांगतलं नाही गा, दिनू?"

"कोणाले सांगू? बोलत होतो का आपण?"

"मंग तुह्या सूनबाईले उचलाले लावाचं."

"माह्यासाठी ठेवला, तं तिनं काहून उचलावा?" दिनूभाऊंनी हात पुढे केला. "हातात दे."

शामरावजींनी चाकू उचलला, पण हात पुढे होईना. "हातात देल्ला तं भांडण होईन, बापा."

"होऊ दे. भांडाले तरी येशील."

शामरावजींनी मूठ पुन्हा एकदा बंडीला पुसली आणि चाकू भावाच्या तळहातावर ठेवला. ठेवल्यावर हात लगेच काढला नाही. मी पानठेल्यावरच्या सुपाऱ्या पाहायला लागले.

"अन् कोहळ्याचीच भाजी पाह्यजे होती!" मागून दिनूभाऊंचा आवाज आला.

"वांग्याची! आईले वांगं आवडे!"

दोघं तासभर भांडले. सूनबाईंनी मलाही आत बोलावून चहा दिला. परत येताना शामरावजी माझ्या स्कुटीवर मागे बसले. नदीच्या पुलावर बंडीच्या टोकानं डोळे पुसत म्हणाले, "पाह्यलं, मॅडम? जिभेले अजून धार आहे त्याच्या."