नागिणीची हद्द मोजणारे पंत

आमच्या श्रीवर्धनात जांभळ्या जिभेचा माणूस एकच, अंताजीपंत मोजणीदार. ओली झाली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावल्याशिवाय त्यांना रेघ ओढता येत नसे, आणि रेघ ओढल्याशिवाय दिवस जात नसे. नोकरी संपल्यावर जमिनी सुटल्या, तेव्हा पंत माणसांकडे वळले. कुणाला नागीण उठली की हजर. सदरा वर करायला लावून गळ्यापासून बेंबीपर्यंत एक रेघ, मागे कण्यावरून दुसरी. "ही सरहद्द. नागीण बांध ओलांडत नाय. ओलांडली तर मला बोलवा." बायामाणसांना घरातली बाई रेघ ओढी, पंत दाराआड पाठ करून हुकूम सोडत.

मी मिठाच्या सत्याग्रहात उरणला मीठ उचलून तुरुंग भोगून आलेला. भोंदूगिरीवर चार पत्रकं काढली होती, पाचव्यासाठी पंतांना राखून ठेवलं होतं. ती माझी चूक.

कारण हा माणूस बघत होता. कचेरीतल्या एका कारकुनाची बरगडी दुखू लागली, तेव्हा दवाखान्याने छातीला पोटीस बांधलं. पंतांनी पाहिलं, आग एकाच बाजूला, कातडीला सदरा सोसवत नाही. म्हणाले, फोड येतील, थांबा. तिसऱ्या दिवशी पुंजक्या-पुंजक्यांनी आले. कांजण्या गावठाणभर पसरतात, नागीण एकाच पट्टीत राहते, पण दोघी एकाच खात्यावरच्या, असं पंतांचं ठाम मत. नागिणीच्या घरात पंधरा-वीस दिवसांनी पोरांना कांजण्या उठलेल्या त्यांनी कितीदा पाहिल्या होत्या. अशा माणसाला गाव चक्रम म्हणतं आणि डागणाऱ्या भगतापुढे नारळ ठेवतं.

मागच्या चैत्रात माझ्या आत्याला नागीण झाली. भगत गेरू फासून सांगून गेला, फोडांचा वेढा पुरा होऊन तोंड शेपटीला लागलं की संपलं. वाचायचं तर डागावं लागेल. आत्याने अन्न सोडलं, पाटल्या वाटून टाकल्या. माझं सगळं वक्तृत्व तिने एका वाक्यात संपवलं, "तू आपलं मीठ कर, बाबा."

शेवटी मीच पंतांच्या पायऱ्या चढलो. आमच्या घरी आल्याआल्या त्यांनी विचारलं, घरात कांजण्या कुणाला व्हायच्या राहिल्यात? राहिलेली नेमकी वहिनीच, तिला सातवा महिना चाललेला. तिला त्याच दुपारी बैलगाडीने माहेरी धाडायला लावलं. मग आईकडून रेघा ओढवल्या आणि माजघराच्या उंबऱ्याबाहेर ठाण मांडलं. आत्या घटकेघटकेला विचारी, "कुठवर आली हो?" "होती तिथंच हाय. पेज घ्या." पेज पोटात गेल्याशिवाय ते आईला हद्द बघू देत नसत.

दहाव्या दिवशी फोडांवर खपल्या धरल्या. रेघेपलीकडे एक पुरळ नाही. वहिनीलाही काही उठलं नाही.

तरी पंत रोज येतच राहिले. एका दुपारी मी ओटीवर गाठून विचारलं, आता कशाला?

"आमच्या हिला झाली होती, पुढारी. मी मोजणीवर, लांब. भगताने डागलं, ते चिघळलं. मी पोचलो तेव्हा तिरडीची तयारी चाललेली. मी मोजलं. कण्यापासून चार बोटं अलीकडेच थांबलेली. जवळ बसून तिला सांगणारं कुणी नव्हतं."

आतून आत्याने हाक मारली, "पंत, आज उशीर केलात. भात निवतोय."

पंत लगबगीने आत गेले.