बिनपगारी थर

या महिन्यात डेपोचा खर्च निम्म्यावर आला नाही तर नोकरी गेली, असं वरून पत्र आलं, तेव्हा कचरा डेपोच्या व्यवस्थापकांनी सगळ्यात आधी बुलडोझरचं डिझेल बंद केलं. माणसं त्यांना निम्मेसाहेब म्हणत. पाहुणा आला की ते अर्धा चहा मागवत आणि त्यातला निम्मा स्वतः पीत.

"साहेब, कचरा दाबून रोज वर माती टाकली नाही, तर आठ दिवसांत अख्खं शहर नाक धरून दारात येईल," बुलडोझरवाला म्हणाला.

"येऊ दे. तू उद्यापासून घरी बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. निम्मेसाहेब ढिगाऱ्यावर चढले आणि जागीच थबकले. कालचा सगळा कचरा दाबून सपाट झाला होता आणि वर वीतभर मातीचा थर होता. बुलडोझर गारठलेला. मातीवर ना चाकाचा ठसा, ना पावलाचा.

"साहेब, हे काही खरं नाही. चौकशी करू या," वजनकाट्यावरचा कारकून कुजबुजला.

"चौकशीला खर्च येतो!"

त्यांनीही एकदा मागे वळून पाहिलं. पण फुकट राबणाऱ्याला हटकायचं कसं? मग त्यांनी पहारेकरी काढला, तर संध्याकाळी फाटकाला आपोआप कडी लागू लागली. कारकून काढला, तर रिकाम्या खिडकीतून वजनाच्या पावत्या बाहेर येऊ लागल्या. ड्रायव्हर पावती घेऊन मागे न बघता पळत सुटत.

महिनाअखेरीस शाबासकीचं पत्र आलं. खाली एक ओळ होती: माणसांवाचून डेपो इतका उत्तम चालतो, तेव्हा व्यवस्थापकाचं पदही रद्द.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. आपणच आपल्या पोटावर पाय आणला होता. टेबलावर पाहिलं तर आजचा अहवाल लिहून तयार, खाली त्यांचीच सही. त्यांच्याहून सुबक. खुर्चीला हात लावला, तर ती गरम होती. ते तडक घरी पळाले.

दार बायकोनं उघडलं.

"अगं, माझी नोकरी गेली!"

ती पांढरीफटक पडली. "अहो, तुम्ही तर मघाशीच आलात. आत भाजी निवडत बसलाय."

"मी? भाजी?" पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी एक काडी निवडली नव्हती.

"कोण आहे गं?" आतून त्यांच्याच आवाजात कुणीतरी विचारलं.

बायकोनं एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर. मग जरा विचार केला.

"कोणी नाही," ती म्हणाली आणि तिनं दार हळूच लावून घेतलं.