इटालियन तान्हा पोळा

"पोरायच्या इटालियनची तू काळजीच करू नको, मी शिकवतो," असं रूपरावांनी फोनवर मुलीला सांगून टाकलं, तेव्हा त्यांना त्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. (पण असल्या किरकोळ गोष्टींनी ते नोकरीतही कधी अडले नव्हते.)

मुलगी सपना आणि जावई इटलीत. नातवंडं ऋतिक आणि रोशनी अल्लीपूरला आजी-आबाजींकडे. तान्हा पोळा झाला की दोघंही आईकडे जाणार होती. त्याआधी तिथल्या बालवाडीच्या बाई मुलांना व्हिडिओवर भेटणार होत्या. सपनाला घोर होता तो धाकट्या रोशनीचा. परकं माणूस दिसलं की ही पोरगी तोंडाला कुलूप लावायची. तिकडेही गप्पच बसली तर लेकराचं कसं व्हायचं?

रूपराव मोबाइलवर शिकले आणि शिकवायला बसले. मुलं पळून गेली. पण तान्ह्या पोळ्याला मुलांनी दोरीने ओढत मिरवायचा लाकडी बैल रंगवायला काढला होता, त्याच्याकडे बघून त्यांना युक्ती सुचली.

"हा बैल फक्त इटालियन आयकते!" त्यांनी जाहीर केलं. 'अवांती' म्हणजे चल, 'फेर्मो' म्हणजे थांब, 'देस्त्रा' उजवीकडे, 'सिनिस्त्रा' डावीकडे.

दोन फेऱ्या झाल्या आणि रोशनी फुरंगटली. "आबाजी, हा काहीच नाई आयकत. मीच ओढून राह्यली!"

मुद्दा बरोबर होता. शिक्षणाच्या भल्यासाठी आबाजी स्वतःच अंगणात रांगू लागले. पाठीवर झूल म्हणून सोलापुरी चादर, गळ्यात घुंगरांची माळ.

आजी, म्हणजे सुलोचनाबाई, दारात आल्या. "काऊन जी, हे काय लावलं?"

"शिक्षण!" चादरीखालून उत्तर आलं.

"मंग जेवाले ताट वाढू का गोठ्यात कडबा टाकू?"

पुढे रोज अंगण दणाणू लागलं; हुकमांच्या जोडीला बैलाच्या वर्णनाचेही दोन-चार शब्द आले. रूपरावांचे गुडघे सोलले, पण रोशनीचा आवाज चौकापर्यंत जायला लागला.

भेटीच्या दिवशी रूपराव इस्त्रीचा शर्ट घालून मुलांच्या मागे बसले. पडद्यावर एकीकडे बाई, एकीकडे सपना. बाई हसून लांबलचक काहीतरी बोलल्या. ऋतिक छताकडे बघू लागला. रोशनीने ओठ घट्ट मिटले. सपनाचा चेहरा उतरला.

बाई आणखी बोलू लागल्या, तोच रोशनी ओरडली, "फेर्मो!"

बाई थांबल्या.

"देस्त्रा!" बाई गोंधळून उजवीकडे झुकल्या. "सिनिस्त्रा!" डावीकडे झुकल्या. "अवांती!" म्हटल्यावर तर बाईंचं नाकच पडदाभर झालं. बाई खदखदून हसल्या, मग मुलंही हसली.

"बाबा, रोशनी बोलली!" सपनाने ओढणीने डोळे पुसले. रूपरावांचेही डोळे भरून आले. पोर आता कुठेही गेली तरी तिचं अडणार नव्हतं.

मग बाईंनी रूपरावांकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"मागं बसले ते कोण, असं विचारून राह्यल्या," सपना म्हणाली.

रूपरावांनी कॉलर नीट केली. 'आजोबा' आणि 'गुरुजी' हे दोन्ही शब्द आपण शिकवलेच नाहीत, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. रोशनीने विचार केला, आबाजींच्या पाठीवर मायेने थाप मारली आणि म्हणाली, "बूए. वेक्यो. बुओनो."

बाईंनी अतिशय आदराने मान डोलावली. सपना मात्र तोंडात ओढणी कोंबून हसत सुटली.

"काय म्हणे वो?" रूपरावांनी अधीरपणे विचारलं.

"बैल. म्हातारा. चांगला," सपनाने अर्थ सांगितला.

"पयले दोन शब्द बराबर शिकवले जी तुमी," दारातून सुलोचनाबाई म्हणाल्या. "तिसऱ्यात पोरगी चुकली."