अकरा आमंत्रणं

धुरंधर बाईंच्या पत्राला चिंतामणी परबांनी पाच दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र इंग्रजीत होतं आणि त्याचा मतलब असा: 'आपल्याकडून मला अकरा आमंत्रणं मिळाली. पोहण्याची स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, वृक्षारोपण, ग्रंथालयाचं उद्घाटन... सगळं काळाचौकीच्या एकाच खोलीत. रविवारी पाच वाजता येते. नेमकं काय आहे ते कळवावं.'

घडलं होतं ते साधंच. परब चाळीतल्या मंडळाच्या खोलीत दहावीच्या अकरा मुलांना इंग्रजी शिकवत. 'प्रमुख पाहुण्यांना आमंत्रण' हे पत्र परीक्षेला हमखास येतं. मुलांनी गाईडमधला एकेक नमुना उतरवला. लिफाफ्यावर खरा पत्ता असावा म्हणून परबांनी गिरगावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका धुरंधर बाईंचा दिला, तिकिटंही खरी लावून घेतली आणि गठ्ठा तपासायला घरी आणला. तिथून तो नाहीसा झाला.

"तिकीट लावलेला पत्र कोण घरात ठेवता?" परबांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणाल्या. "भाजीक जाताना टाकलंय पेटीत."

उत्तर मंडळाच्या पत्त्यावर आल्यामुळे सेक्रेटरी राजेशनं ते आधीच फोडलं होतं.

"सर, मुख्याध्यापिका येतायत? एक नंबर! बाई बोलल्या क्लास चांगला, तर रूम तुमची. नायतर धनेश कॉम्प्युटर क्लास टाकायला बसलाच आहे. कमिटी माझं डोकं खातेय."

परब रोज उत्तर लिहायला बसत. माफी मागितली की ओळ लाचार वाटे, नाही मागितली की उर्मट. सतरा खर्डे झाले आणि रविवार उजाडला.

बरोबर पाचला धुरंधर बाई आल्या. राजेशनं शाल, श्रीफळ आणि माईक आणला होता. कार्यक्रम कुठला हे कळलं नसल्यानं फलकावर लिहिलं होतं, 'सर्व कार्यक्रमांस हार्दिक शुभेच्छा'.

बाईंनी अकरा लिफाफे टेबलावर मांडले आणि इंग्रजीत विचारलं, "पोहण्याची स्पर्धा कोणाची?"

मानसी उठली. "रिस्पेक्टेड मॅडम, विथ ग्रेट प्लेझर..." इथवर पाठ होतं.

"व्हेअर इज द पूल?"

हे गाईडमध्ये नव्हतं. परबांनी डोळे मिटले. धनेश दारातून खोलीची लांबी-रुंदी नजरेनं मोजत होता.

"मॅडम, नो पूल," मानसी म्हणाली. "वॉटर कमिंग सिक्स टू सेव्हन. आय कॅन नॉट स्विम." मग टेबलावरच्या आपल्या लिफाफ्याकडे बोट दाखवून, "गाईड कॅन स्विम."

बाई हसू लागल्या, त्या चष्मा काढेपर्यंत हसल्या. "हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाय, मॅडम. माझंच आहे."

"मग क्लास चालू ठेवा," बाई राजेशला म्हणाल्या. धनेश निघून गेला. परबांनी श्वास सोडला, तोच बाई त्यांच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही उत्तर का नाही दिलंत?"

"इंग्रजी चुकेल म्हणून," परब अगदी हळू म्हणाले. माईक चालू होता. सगळ्या चाळीनं ऐकलं.

"बसा. मुलांच्यात बसा आणि आत्ता लिहा."

मानसीशेजारी बसून परबांनी चार ओळी लिहिल्या, लिफाफा बंद केला आणि पुढे केला. बाईंनी हात मागे घेतला.

"हातात नको, पोस्टानं पाठवा. निवृत्त माणसाकडे पत्रं येतात कुठे?"

सगळी वरात नाक्यावरच्या लाल पेटीपाशी गेली. परबांनी लिफाफा अर्धा आत सरकवला आणि तिथेच थांबले.

"काय झालं, सर?"

"एक शब्द फक्त बघतो."

"सर," मानसी म्हणाली, "सोडा."

सरांनी सोडला.