रघुअण्णांचा वांधा

रघुअण्णांनी माझ्या चहावर पहिला वांधा काढला, तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. बँकेतून निवृत्त होऊन मी गंगापूर रोडच्या या इमारतीत नुकतीच राहायला आले होते. तळमजल्यावरचे शेजारी म्हणून त्यांना वर बोलावलं, आलं घालून चहा केला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ताई, वांधा आहे. साखर तळाला बसलीय. वरचा चहा फिका, खालचा पाक." मी चमचा पुढे केला. त्यांनी ढवळून पुन्हा घोट घेतला. "आता बरोबर. खाली करून बघितल्याशिवाय काही कळत नाही बघा."

हे खाली करून बघणं काय प्रकरण आहे ते मला पुढे कळलं. अण्णांची सगळी हयात पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या व्यापारात गेली. तिथे लिलावात भाव ठरतो तो ट्रॉलीतला वरचा कांदा बघून. मग ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, माल खाली होतो, आणि तळाशी निराळाच कांदा निघाला तर व्यापारी वांधा काढतो, म्हणजे ठरलेला भाव कमी करून मागतो. शेतकऱ्याला ते पटलं नाही तर भरलेली ट्रॉली माघारी. बायको गेल्यावर अण्णांनी धंदा पुतण्याच्या हवाली केला आणि नाशिकला येऊन राहिले. खळं सुटलं, वांधा काही सुटला नाही.

मिसळ समोर आली की आधी चमचा तळापर्यंत घालणार. "तर्री सगळेच झकास देतात ताई, मटकी किती घातली ते बघायचं." रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरला म्हणणार, "एकाच हाताचा घेतला? दुसऱ्या हाताचं कोण बघणार?" आवाजाच्या बाबतीत तर विचारायलाच नको. समोरच्यांचा मिक्सर, कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाचा बँड, भाजीवाल्याचा भोंगा, सगळ्यांवर वांधा. माझ्या कुकरच्या शिट्टीवरसुद्धा एकदा वर येऊन वांधा काढून गेले. मी म्हटलं, "अण्णा, डाळ कच्ची खाऊ का?" तर म्हणाले, "डाळ शिजू द्या, बोंब कशाला मारते ती?"

असा हा माणूस एका निधीचे अर्ज तपासतो हे ऐकलं, तेव्हा मला त्या अर्जदारांची खरोखर कीव आली होती.

निधी पिंपळगावच्याच काही व्यापाऱ्यांनी मिळून काढलेला. ज्यांच्यासाठी सहसा कोणी पुढे येत नाही अशी मुलं, म्हणजे कोणाला ऐकू येत नाही, कोणाला चालता येत नाही, जी माणसं दत्तक घेतात, त्यांना त्यापायी एकदाच होणारा खर्च हा निधी परत देतो. तपासण्या, प्रतिज्ञापत्रं, कलेक्टर कचेरीचे हेलपाटे, संस्थेपर्यंतचा प्रवास, घरात बसवायचा कठडा. पुढचा सांभाळ आईबापांचा, पण पोर उंबऱ्यात येईपर्यंतचा भार आमचा, असा साधा हिशेब. मी बँकेतली म्हटल्यावर अण्णांनी मला परस्पर खजिनदार करून टाकलं. त्यावर वांधा काढायची सोय मला नव्हती.

अर्ज तपासायची अण्णांची रीत मात्र बघण्यासारखी होती. अर्जदाराने पोराला घेऊन रविवारी त्यांच्या घरी यायचं. "प्रत्यक्ष पाहणी" असं त्याचं भारदस्त नाव. पहिल्या रविवारी मी धास्तावूनच बसले होते. समोर पिंपळगावचं एक जोडपं, बाईच्या मांडीवर पायात पट्टे घातलेला मुलगा. अण्णांनी चष्मा लावला, कागद चाळले.

"वांधा आहे. प्रवासखर्चाला नुसतं एसटीचं तिकीट लावलंय. परत येताना पोराला घेऊन एसटीने आलात?"

"नाही अण्णा, येताना मेव्हण्याची गाडी होती."

"मग डिझेल कुठंय?"

"मेव्हण्यानेच टाकलं."

"मेव्हणा काय पंपाचा मालक आहे? डिझेल लावा. आणि पेढे? वाटले नाहीत?"

"वाटले की! पण पेढे कसे लावणार अण्णा? ते काय खर्चात धरतात?"

"पोर घरी आल्याचे पेढे किती वेळा वाटतात? एकदाच ना? मग झाला एकदाचा खर्च. लिहा ताई."

मी लिहिलं. पुढे काही महिन्यांत माझ्या ध्यानात आलं, की अण्णांनी आजवर काढलेला प्रत्येक वांधा एकाच जातीचा होता. पैसे कमी मागितले, हा. जन्मभर माल खाली करून भाव पाडणारा माणूस आता अर्ज खाली करून रक्कम चढवत होता. विश्वस्त कुरकुरायचे. "पेढे बसतात का नियमात?" अण्णांचं ठरलेलं उत्तर, "नियम खाली करून बघितलाय मी. बसतात."

अण्णांचं घरही त्यांच्यासारखंच. उंबऱ्याला पायरीऐवजी उतार, न्हाणीघरात गुडघ्याएवढ्या उंचीवर कठडा, आणि सगळ्यात नवलाची दाराची घंटा. बटण दाबलं की आत घंटा वाजायची आणि बाहेर, दाराच्या वर, एक लाल बल्ब लागायचा. इमारतीतले लोक त्याला आगीचा बंब म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, बल्ब आत पाहिजे हो. ऐकू न येणारा माणूस घरात असला तर."

"घरात मी आहे, मला सगळं ऐकू येतं. तुमचा कुकरसुद्धा," अण्णा म्हणाले. "पण ऐकू न येणारं पोर दारात उभं राहून बटण दाबणार. वाजलं की नाही, हे त्याला कोण सांगणार?"

इमारतीत त्या बल्बची थट्टा होतच राहिली, पण मी तरी त्यात भाग घ्यायचं सोडलं.

या वांध्यापायी एकदा मात्र अण्णा पुरते हादरलेले मी पाहिले. चांदवडच्या एका कांदेवाल्याचा अर्ज होता. अण्णांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात त्याला फोन केला, "तुमच्यात वांधा निघालाय, येऊन भेटा." दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको हजर. पोर बरोबर नव्हतं. चहा-पाणी काही घेईनात. नवरा हात जोडून म्हणाला, "अण्णा, एक रुपया देऊ नका. पण पोर माघारी नाय देनार आम्ही. लय लळा लागलाय. मावशीकडं ठेवून आलोय त्याला."

बाजार समितीत कांदा घालण्यात जन्म गेलेला शेतकरी तो. वांधा निघाला म्हणजे एक तर भाव पडणार, नाही तर ट्रॉली माघारी, दुसरा अर्थ त्याला ठाऊकच नव्हता. रात्रभर दोघं झोपली नसणार. अण्णा उठले, स्वतः आत जाऊन पाणी घेऊन आले. म्हणाले, "बाबा, वांधा कागदात आहे. तुम्ही औषधाचे पैसे लावायचे विसरलात, एवढाच. पोरावर वांधा काढणारा अजून जन्माला यायचाय." बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. तेव्हापासून अण्णा फोनवर आधी म्हणायचे, "घाबरू नका, पैसे वाढायचेत," आणि मगच, "वांधा आहे."

त्या दिवशी ती माणसं गेल्यावर मी सहज विचारून बसले, "अण्णा, तुम्ही आणि वहिनींनी कधी विचार केला नाही का?" ते ताटातल्या द्राक्षांचे घड निवडायला लागले. मग म्हणाले, "केला. पण उशिरा केला. वय उलटून गेलं होतं, नियमात बसत नव्हतो." एवढ्या नियमांवर वांधा काढणारा माणूस, म्हणून मी म्हटलं, "मग भांडला नाहीत?" तर मान हलवून म्हणाले, "पोर हाताशी येईपर्यंत बाप हिंडता-फिरता पाहिजे ताई. तो नियम बरोबर आहे."

मग ते ऑनलाइन प्रकरण आलं. तरुण विश्वस्तांनी ठरवलं, की अर्ज मोबाईलवर भरायचा, बिलांचे फोटो टाकायचे, पैसे थेट खात्यात. प्रत्यक्ष पाहणी बंद. अण्णांनी त्या बैठकीत वांध्यांची नुसती रास घातली. फोटो अंधुक येतात. डोंगराकडे रेंज नसते. लाजरी माणसं मोबाईलवर पेढे लावणार नाहीत. प्रवासखर्च निधी देतोच आहे, मग येईनात का बिचारी! मी त्यांच्या बाजूने बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात पाहणीसाठी सुरगाण्याकडून आलेली एक बाई हळूच म्हणाली, "अण्णा, पैशाचं काही नाही. पण पोराला घाट लागतो. येताना सगळ्या वाटेत ओकतं. उतरल्यावर दिवसभर निपचित पडून राहतं."

अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मग करा ऑनलाइन," म्हणाले आणि खाली बसले.

पुढच्या रविवारी मी जिन्यावरून उतरताना बघितलं, तर अण्णांनी नेहमीसारखी सतरंजी घातली होती. ताटात द्राक्षं, डब्यात राजगिऱ्याचे लाडू. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. संध्याकाळी लाडवांचा डबा घेऊन ते वर माझ्याकडे आले. मी मुद्दाम साखर न ढवळता चहा दिला. अण्णांनी तो निमूटपणे पिऊन टाकला, कप विसळून ठेवला आणि निघून गेले. तो चहा मी प्यायले असते तर मीच वांधा काढला असता.

त्यानंतरच्या एका रविवारी त्यांच्या मोबाईलवर ते नवे अर्ज कसे उघडायचे, हे दाखवायला मी खाली गेले होते. अण्णांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात घंटा वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. अण्णांनी दार उघडलं.

दारात देवळ्याकडचं एक जोडपं आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. बाई चांगलीच तापलेली होती. "अन्ना तुम्हीच का? ही गौरी हे, आमची पोर, ऐकू येत नाय तिला. आमचे पैसे खात्यावर आले. एका दिवसात मंजूर, कोनी काही विचारलंच नाय."

अण्णा गोंधळले. "मग चांगलं झालं की. कमी आले का?"

"कमी कशाला येतील? पन वांधा का नाय काढला?" बाई म्हणाली. "माझ्या नणंदेच्या गावात एकांनी पोर आनलं, त्यांच्यावर तुम्ही पेढ्यांचा वांधा काढला. चांदवडला औषधाचा काढला. पोराला मांडीवर घेऊन लाडू भरवले म्हनं. साऱ्या तालुक्यात सांगत फिरतात ते. अन् आमच्यावर काहीच नाय? आमची पोर काय वाटेवर पडली हे का?"

नवरा संकोचून म्हणाला, "अन्ना, मी म्हनत होतो पैसे मिळाले, आता कशाला जायचं. पन ही ऐकेना. गौरीला दाखवल्याबिगर झालंच नाय म्हनते."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग खिसे चाचपून चष्मा काढला. तो लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"पेढे वाटले होते?"

"गावभर!"

"अर्जात लावले?"

"नाय."

"वांधा आहे," अण्णा म्हणाले. "मोठा वांधा आहे. आत या. ताई, ते लाडू काढा."

आईबाप आत आले. गौरी आली नाही. बटण दाबलं की डोक्यावर लाल दिवा लागतो, हा शोध तिला नुकताच लागला होता. ती दाबायची, वर बघायची, खुदकन हसायची आणि पुन्हा दाबायची. "ए, पुरे," म्हणत तिची आई उठायला लागली, तर अण्णांनी हातानेच तिला बसवलं. ते दारात जाऊन उभे राहिले. दिवा लागला की बोट वर करायचे, आणि गौरी त्यांच्याकडे बघून मान डोलवायची, लागला म्हणून. आत त्या घंटेने आमच्या कानठळ्या बसत होत्या. समोरच्यांनी खिडकी आपटून बंद केली. अण्णांनी मात्र वांधा काढला नाही.