आम्ही रेंजवर शांतता कशी राखली

शांतता आपोआप राहत नाही, ती राखावी लागते. राखायची म्हटली की माणसे लागतात, माणसे जमली की समिती होते, आणि समिती झाली की तिला एक सदस्य-सचिव लागतो. प्रस्तुत लेखक तो आहे. (सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बत्तीस वर्षे सेवा. आवाज चढवल्याची एकही नोंद सेवापुस्तकात नाही.)

आमच्या कोल्हापूरला नेमबाजीचे वेड आहे. पण नेमबाजीला जी शांतता लागते ती या जिल्ह्यात पिकत नाही. येथे पाहुण्याला 'या, बसा' म्हटले तरी पलीकडच्या गल्लीतली दोन माणसे येऊन बसतात. त्यामुळे राज्य संघाची निवड चाचणी शहराबाहेरच्या आमच्या रेंजवर होणार असे कळताच एकवीस जणांची 'शांतता व सुरक्षितता समिती' स्थापन झाली. पहिल्याच बैठकीत अध्यक्षपदावरून दोन खुर्च्या मोडल्या आणि गुंडूतात्यांची एकमताने निवड झाली. (विरोधी उमेदवाराचा हात गळ्यात अडकवलेला असल्याने त्यांना तो वर करता आला नाही.)

या सगळ्या खटाटोपाचे कारण म्हणजे संयोगिता. मुरगूडच्या जोतीरामची मुलगी. चार वर्षे पहाटेच्या एसटीने रेंजवर येते, पोटावर पडून पन्नास मीटरवरचे लक्ष्य वेधते आणि कोणाशी फारसे बोलत नाही. ज्युनिअर गटातले तिचे हे शेवटचे वर्ष. पहिल्या तिघींत आली तर राज्य संघात. नाही आली तर वयामुळे ते दार कायमचे बंद. जोतीराम स्वतः समितीपुढे आला होता. म्हणाला, "तात्या, माझं दुसरं कायबी मागणं न्हाय. पोरीला तेवढं पन्नास मिनिटं गप पडून ऱ्हाऊ दे."

समितीने या मागणीची गंभीर दखल घेतली आणि उपसमिती नेमली.

रेंजवर आधीपासून एक लहानसा फलक होता. तो प्रशिक्षक त्रिशला मॅडम यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला. त्यावर चार ओळी होत्या : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजा. नळी फक्त लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. समोर माणूस असेल तर बोल्ट उघडा आणि बंदूक खाली ठेवा. मजकूर चांगला होता, पण फलकात भारदस्तपणा नव्हता. समितीने त्या जागी वीस बाय दहाचा फ्लेक्स लावला. एकवीस सदस्यांचे फोटो, चार विशेष निमंत्रितांचे फोटो, मध्यभागी राजवीरदादांचा (पद : इच्छुक) गॉगल घातलेला फोटो. नियम खाली घेतले. जागेअभावी त्यांतले दोन वगळावे लागले. कोणते वगळायचे यावर मतदान झाले आणि नळीचा व बोटाचा नियम अल्पमतात गेला.

त्रिशला मॅडम भेटायला आल्या. "अहो, माणूस मरतंय ते ह्या दोन नियमांपायीच," असे त्यांचे म्हणणे. तात्या म्हणाले, "मॅडम, कोल्हापूरकराला बंदुकीचं शिकवता व्हय? आमच्या आज्ज्याकडं ठासणीची हुती." मॅडमचे म्हणणे इतिवृत्तात घेतले आहे.

चाचणीच्या दिवशीची व्यवस्था पुढीलप्रमाणे. शांतता निरीक्षक : चौदा, प्रत्येकाला बिल्ला व शिट्टी. ध्वनिक्षेपक : चार. 'शांतता राखा' ही घोषणा : दर मिनिटाला एक. हलगी : एकच, आणि तीही हळू वाजवावी असा ठराव. प्रेक्षक : चारशे. मॅडमकडचा माईक घोषणेसाठी लागणार असल्याने तो तात्यांकडे देण्यात आला. मॅडमचा आवाज मुळातच खणखणीत आहे, असे समितीचे मत पडले.

राजवीरदादांच्या हस्ते उद्घाटनाची पहिली गोळी साडेनऊला झाडायची होती. दादा जोतिबाला दर्शनाला गेले होते. निवड मंडळाने दहाच्या ठोक्याला चाचणी सुरू केली. (बाहेरगावची माणसे. त्यांना वेळेचे फार.) संयोगिता सातव्या जागेवर होती. आठवी जागा समितीने दादांसाठी राखून ठेवली होती आणि तेथे रेंजची एक रायफल मांडली होती. दादांना तसदी नको म्हणून तात्यांनी तीत गोळीही आधीच भरून ठेवली. निवड मंडळाची परवानगी मागितली नाही, कारण मागितली असती तर मिळाली नसती.

दहा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी दादा आले, कपाळभर गुलाल. संयोगिताच्या साठांपैकी सहा गोळ्या उरल्या होत्या आणि सात मिनिटे. ती दुसऱ्या क्रमांकावर चालली होती. शिट्ट्या, घोषणा, हलगी यांतले काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हते, हे समितीच्या उत्तम नियोजनाचेच फळ म्हणायचे.

दादांनी रायफल उचलली. तेवढ्यात मागून फोटोग्राफर ओरडला, "दादा, हिकडं बघा की!"

दादा वळले. दादांबरोबर रायफलही वळली. फोटोत सगळे यावेत म्हणून समितीचे एकवीस सदस्य दाटीवाटीने उभे होते, त्यांच्यामागे चारशे प्रेक्षक. नळी तात्यांच्या पोटापासून माझ्या छातीपर्यंत सावकाश फिरली. बोट ट्रिगरवर होते. फोटोत तसेच चांगले दिसते. त्रिशला मॅडम तीन वेळा "स्टॉप!" म्हणून ओरडल्या. त्यावर तात्यांनी माईकवरून सांगितले, "कोणतरी बाई वराडत्यात, त्यांनी किरपा करून शांतता राखावी."

संयोगिताने मान वळवून पाहिले. मग तिने आधी आपल्या रायफलीचा बोल्ट उघडला, आत गोळी नाही याची खात्री केली, रायफल खाली ठेवली आणि उठली. दादांच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून तिने ती लक्ष्यांकडे फिरवली. बिथरलेल्या म्हशीशी बोलावे तशा हळू आवाजात ती म्हणाली, "दादा, बोट भाईर काढा."

"आगं, रिकामी हाय ती. फोटोपुरती."

तिने बोल्ट ओढला. पितळी गोळी खाली पडली आणि घरंगळत माझ्या बुटापाशी येऊन थांबली. मी ती उचलून खिशात ठेवली. (आवक नोंद केलेली नाही.)

दादा रायफल सोडेनात, ती त्यांच्याकडून काढून मॅडमच्या हाती देईपर्यंत पाच मिनिटे गेली. संयोगिता परत जागेवर जाऊन आडवी झाली तेव्हा नव्वद सेकंद उरले होते. तेवढ्यात तिने सहाही गोळ्या झाडल्या. मागून मला तिची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती. मी खिशातली गोळी पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होतो, हे अहवालात घेण्याचे कारण नाही, पण घेतो.

परवानगीशिवाय जागा सोडली म्हणून निवड मंडळाने तिचे दोन गुण कापले. संघातली तिसरी जागा तिला एक पूर्णांक सहा दशांश गुणांनी हुकली. हिशेब वाचकांनीच करावा.

मॅडमनी अपील केले. त्या वेळी मंडळाची नजर गुणफलकावर होती, आणि मॅडम पडल्या तिच्याच प्रशिक्षक, म्हणून मंडळाने समितीला लेखी विचारले : भरलेली रायफल माणसांवर रोखली गेली होती काय? तसे असल्यास दंड मागे घेण्यात येईल.

तातडीची बैठक झाली. जोतीराम आणि संयोगिता दाराशी उभे होते. जोतीराम म्हणाला, "तात्या, खरं हाय तेवढं एक ओळ लिवा. तुमच्या पोटात गोळी जाऊ ने म्हणून उठली पोरगी." संयोगिताने एकच विचारले, आमच्याकडच्या मुली बोलतात तसे, मुलग्यासारखे : "मी उठायला नको हुतो व्हय?"

तात्यांनी खाली पाहिले. मी तात्यांकडे पाहिले. गोळी माझ्या खिशातच होती. पण मला नाव घेऊन कोणी विचारले नव्हते, आणि विचारल्याशिवाय बोलणे समितीच्या उद्दिष्टांत बसत नाही. एकवीस माणसे, आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. कोल्हापुरात एवढी शांतता मी साठ वर्षांत अनुभवली नव्हती. त्या शांततेतच ठराव मंजूर झाला : 'असा कोणताही प्रकार घडला नाही. वातावरण शांत होते.' खाली सही माझी आहे. सही करताना मला माझी लाज वाटली. तरीही अक्षर चांगले आले आहे.

त्रिशला मॅडम आता प्रेक्षकांतून साक्षीदार शोधत आहेत. एक जरी पुढे आला तरी पुरे, असे मंडळाने कळवले आहे. त्या वेळी चारशे मोबाईल वर होते, हे समितीला माहीत आहे. तुमचाही होता. अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. दादा वळतात तिथपासून ती नळी धरते तिथपर्यंत. तो तुम्ही घरी दाखवलात, "थोडक्यात वाचलो बघा" म्हणालात, आणि कशाला नसत्या भानगडीत पडायचे म्हणून पुढे कोणाला पाठवला नाहीत. या सहकार्याबद्दल समिती आपली ऋणी आहे. अपिलाची मुदत शनिवारी सायंकाळी पाच वाजता संपते. तोवर असेच शांत राहावे, ही नम्र विनंती.