सोपाननाना आणि सामाईक बांध

आमचे शेजारी सोपाननाना भेटल्यावर रामराम म्हणत नाहीत. "जीभ दाखव," म्हणतात.

जीभ बाहेर काढली की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि वाकून बघतात. मग आपले तळहात उलटेपालटे करून न्याहाळतात आणि विचारतात, "खाज? जळजळ? झोप लागती का नीट?" हे सगळं रस्त्यावर, चारचौघांत. मागे उत्रोलीच्या एका लग्नात पंगत बसली होती. वाढपी जिलेबी वाढत पुढे, आणि नाना आमच्या गावच्या एकेकाची जीभ बघत त्याच्या मागे. नवऱ्या मुलाच्या मामांना वाटलं, इकडची काही रीत असेल. त्यांनीही बिचाऱ्यांनी घास गिळून जीभ काढली. नाना म्हणाले, "तुमची नगं. तुमी पाव्हनं."

नाना डॉक्टर नाहीत, वैद्य नाहीत, दवाखान्यात झाडू मारायलाही कधी नव्हते. सातवी शिकलेले, सत्तरीला टेकलेले, दोन खाचरांचे भातशेतकरी. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी पाठीवर पंप अडकवून गावभरच्या बांधांवर तणनाशक मारायचं काम केलं. म्हणून जुनी माणसं त्यांना अजून 'पंपवाले नाना' म्हणतात. मग एका वर्षी त्यांनी पंप टाकला तो टाकलाच. का, ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांनी एकच विषय धरलाय, तणनाशक माणसाला बाधतं की नाही. बायको वर्षातले दहा महिने पुण्याला मुलाकडे असते. नातवंडं सांभाळायला, असं सांगते. माझ्या मते ती या विषयापासून पळालेली आहे, आणि मी तिला मुळीच दोष देत नाही.

कारण मला पळता येत नाही. माझं भोरमध्ये झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे नाना येतात. माझं घर नानांच्या घराला लागून आहे, तिथेही नाना असतात. आणि आमचं भाताचं खाचर नानांच्या खाचराला लागून आहे. मधे एकच बांध, सामाईक.

दुकानात येऊन ते माझ्यापुढे मोबाईल धरतात. "ह्ये छाप. आन् ह्येबी." छापलेल्या कागदांच्या ते दोन थप्प्या लावतात. एक थप्पी 'बाधतंय' म्हणणाऱ्यांची, एक 'बाधत न्हाई' म्हणणाऱ्यांची. मग मला वाचून दाखवायला लावतात. समोर दाखल्याच्या प्रती काढायला आलेली माणसं ताटकळत असतात आणि मी वाचत असते की परदेशात लोक कंपन्यांना कोर्टात खेचताहेत, काही तज्ज्ञ म्हणतात की यापासून कॅन्सरचा धोका असू शकतो. मग दुसऱ्या थप्पीतलं, की कितीतरी देशांची सरकारं म्हणतात, लेबलावर लिहिल्याप्रमाणे वापरलं तर माणसाला काही होत नाही.

"लेबलावर ल्हिल्याप्रमानं म्हंजे कसं?" नाना मला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतात.

"हातमोजे, बूट, तोंडाला मास्क, चष्मा. लिहिलंय इथं."

"आपल्या हितं कोन घालतं? म्या लुंगी आन् बनियनवर मारलंय. म्हंजे त्यांनी तपासलं ते येगळं आन् आपन केलं ते येगळं. मंग आपला निकाल कुठं हाय?"

"मला काय माहीत, नाना? मी झेरॉक्स काढते."

"न्हाई ना? म्हंजे निकाल लागलेला न्हाई." आणि दोन्ही थप्प्या पिशवीत घालून ते निघतात. निकाल लागलेला नाही, हे त्यांचं पालुपद. चहात साखर जास्त झाली का विचारलं तरी ते हेच म्हणतील.

बरं, माणूस एका बाजूचा असता तर आपण दुसऱ्या बाजूने भांडून मोकळे झालो असतो. नाना दोन्ही बाजूंशी भांडतात. खतं-औषधांचा दुकानदार एकदा त्यांना म्हणाला, "नाना, हे झाडावर काम करतं. माणसाला मिठाइतकं निर्धोक आहे." नाना म्हणाले, "मंग शिकरनीत घाल चमचाभर आन् खा. केळी म्या आनतो." दुकानदाराने त्यांना पुन्हा दुकानाची पायरी चढू दिली नाही. पुढच्याच आठवड्यात नाना राजगडाच्या पायथ्याला, पालीला, कुठल्याशा कार्याला गेले. तिथे ट्रेकिंगवाल्यांना सेंद्रिय तांदूळ विकणारा एक तरुण म्हणाला, "आजोबा, शुद्ध विष आहे ते." झालं. "म्या पंधरा वर्सं पाठीवर वाह्यलं. मेलो का? पुरावा दाखव!" तासभर त्यांनी त्याला सोडलं नाही. शेवटी त्या पोराने किलोभर तांदूळ फुकट देऊन सुटका करून घेतली. तो तांदूळ आणून नानांनी आमच्या ईश्वरीला दिला. "खीर कर तिला. हा बिनऔषधी हाय, म्हनं. खरं-खोटं त्येलाच ठावं."

ईश्वरी माझी मुलगी. बालवाडीत आहे. नाना तिची जीभ रोज दोनदा बघतात, जाताना आणि येताना. परवा बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. वर्गात हजेरीला बाकीची मुलं 'हजर' म्हणतात आणि आमची ईश्वरी जीभ काढते. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पण खरी कटकट बांधाची. यंदा जूनमध्ये पाऊस लवकर झाला आणि बांधावर गवत कमरेएवढं वाढलं. गवतात खेकड्यांनी भोकं पाडली. आमच्या खाचरातलं पाणी रात्रीतून नानांच्या खाचरात जायला लागलं. लावणी आठ-दहा दिवसांवर आलेली. खाचरात पाणी टिकलं नाही तर चिखल होत नाही, आणि चिखल नसला तर रोप लावायचं कुठे? गवत काढून बांध लिंपायलाच हवा होता. नवरा शिरवळच्या कंपनीत, पाळी बदलत असते. सासूबाईंचे गुडघे बसू देत नाहीत. गवत कापायला गावात माणूस मिळत नाही. मी तणनाशकाची बाटली आणली, पंप उसना आणला आणि रीतसर नानांना विचारायला गेले. बांध सामाईक, म्हणून. तिथेच चुकले.

"निकाल लागूंदे," नाना म्हणाले.

"नाना, तुमचा निकाल लागेपर्यंत कापणी येईल!"

"तुझ्या बाकीच्या बांधावर मार. ह्यो सामाईक हाय. म्या न्हाई म्हनतोय."

"मग तुम्ही कापा गवत."

"कापतो की." आणि खरंच कापायला लागले, पण कसे? एका वेळी मूठभर. प्रत्येक मूठ निरखायची, त्यातली कुर्डूची रानभाजी वेगळी काढायची आणि ती लांब ओढ्याच्या पलीकडे नेऊन टाकायची. चार दिवसांत चार हात बांध मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्येंच्या नादी लागू नगंस. त्यो मानूस पैल्यापास्नं असाच." मी शिवऱ्याची आहे. हायवेच्या कडेला वाढले. समोरची गाडी हलली नाही की आमच्याकडे हॉर्न वाजवतात. पण नानांना हॉर्न ऐकू येत नाही.

मग पावसाने उघडीप दिली. औषध मारायचं तर हीच वेळ, कारण पाऊस लागला की सगळं धुऊन जातं. सकाळी दूध काढून झाल्यावर मी पंप भरला, पाठीला लावला आणि कुणाला न विचारता शेताकडे निघाले.

नाना बांधाच्या मधोमध बसले होते. विळा मांडीवर.

माझा माझ्यावरचा ताबा सुटला. "उठा, नाना! पुरे झालं आता. गावभर माणसांच्या जिभा बघत फिरता, माझ्या पोरीचं शाळेत हसं केलंत, माझं दुकान बंद पडायची पाळी आणलीत. कुणाला काही झालं नाही. तुम्हाला तरी काय झालंय? उठा, नाहीतर तुमच्यासकट फवारते!"

नाना उठले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, बस वाईच."

"बसायला वेळ नाही."

"तुझ्या लग्नानंतरचा दुसरा पावसाळा," नाना खाली बघत म्हणाले. "तुझ्या सासऱ्यानं सांगितलं म्हून म्या ह्याच बांधावर औषद मारलं. त्ये मारलं की लगीच काय दिसत न्हाई. आठ-धा दिस गवत हिरवंगार ऱ्हातं. तिसऱ्या दिवशी म्या रस्त्यानं चाललो व्हतो. तू हितं कुर्डू खुडत व्हतीस. पदराचा वटा भरला व्हता तुझा."

मला तो दिवस आठवत नव्हता. कुर्डू मी दर पावसाळ्यात खुडते.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगनार व्हतो. म्या हाळी देनार, तवर यस्टी आली, तीत चढलो." नानांनी विळ्याची मूठ घट्ट धरली. "म्हनलं, सांजच्याला सांगू. सांजच्याला इसरलो. दुसऱ्या दिवशी याद आली तवर तुमी भाजी खाऊन बसला व्हता. मंग म्हनलं, आता सांगून काय, उगा जिवाला घोर. पंधरा दिसांनी तुला भोरला दवाखान्यात न्हेलं."

चौथा महिना होता मला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पुष्कळ जणींचं होतं असं, कारण सापडतंच असं नाही, पुन्हा दिवस राहतील. तसे राहिलेही, ईश्वरी झाली. कुर्डूचं तिथे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाल्या, कारण नसतं," मी म्हटलं.

"त्यास्नी भाजीचं कुठं ठावं व्हतं?" नाना म्हणाले. "म्हून इचारतो समद्यांना. ज्यांच्या ज्यांच्या बांधावर म्या मारलं, त्यांच्याच घरात इचारतो. म्हनलं, कुनालाच काय झालं नसंल, तर तुझंबी त्येनं झालं नसंल."

"आणि मग सगळ्यांशी भांडता कशाला?"

"काय व्हत न्हाई म्हननाऱ्याचं ऐकलं तर म्या सुटतो. येवढ्या सस्त्यात सुटायची लाज वाटती. आन् ज्यो इख हाय म्हनतो, त्येचं ऐकलं तर..." नाना बांधावरचं गवत उपटत राहिले.

मला राग आला. खूप आला. एक हाळी मारायला काय जात होतं या माणसाचं? एसटी काय, दुसरीही आली असती. तो राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण समोरचा हा सत्तरीचा माणूस नऊ वर्षं माझ्या दारावरून रोज जाऊन-येऊन, माझी नि माझ्या पोरीची जीभ बघून घरी जात होता आणि मी त्याच्यावर कातावत होते, याचंही मला रडू आलं. पंपाचा पट्टा खांद्यात रुतत होता. मी तो काढून ठेवला.

'नाना, तुमच्यामुळे नाही झालं,' असं म्हणायला हवं होतं मी. तोंडावर आलंही होतं. पण मला तरी कुठे माहीत आहे? ते कुणालाच माहीत नाही. आणि नुसतं बरं वाटावं म्हणून म्हटलं असतं, तर या माणसाने लगेच पुरावा मागितला असता.

मी म्हटलं, "दुसरा विळा आहे का घरात?"

नानांनी आणून दिला. दोन्ही टोकांकडून आम्ही गवत कापत आलो. सासूबाई घरून भाकरी घेऊन आल्या आणि खाली न बसता, वाकूनच खेकड्यांची भोकं चिखलाने बुजवायला लागल्या. दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त बांध मोकळा झाला. पंप तसाच भरलेला कडेला पडून होता. त्यातलं औषध कुठे ओतायचं, यावर नाना आणखी एक वाद घालणार, हे मला दिसत होतं.

सासूबाई पाणी आणायला विहिरीकडे गेल्या तेव्हा नाना माझ्यापासून हातभर अंतरावर आले होते. विळा थांबवला नाही, मान वर केली नाही. म्हणाले, "थोरलं असतं, तर औंदा तिसरीला गेलं असतं."

आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. नवरा बोलत नाही, सासूबाई बोलत नाहीत. दर जूनमध्ये शाळा उघडली, की मी मनातल्या मनात एक इयत्ता पुढे सरकवते, आणि हे करणारी अख्ख्या गावात मी एकटीच आहे, असं मी नऊ वर्षं धरून चालले होते.

"व्हय," मी म्हटलं. "तिसरीला."